सायकलीने मान टाकली

शनिवारी दुपारी शिवाभाऊ भुवडांच्या हॉलमध्ये फुस्स असा आवाज झाला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या सायकलीने मान टाकली. हँडल खाली गेलं, सीट होती तशीच वर राहिली आणि सायकल समोरच्या देवघराला वाकून नमस्कार करतेय असं दिसू लागलं. शिवाभाऊंच्या एका हातात बारीकसं काळं टोपण होतं आणि दुसऱ्या हातात कपाटाची चावी.

"काय केलंत?" सुगंधाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. हा प्रश्न त्या आताशा न बघताच विचारत.

"काही नाही गं. हवा आहे का बघत होतो."

"टायरात?"

"टायरात नाही. हा पुढचा शॉकअप आहे ना, त्याच्या डोक्यावर टोपण होतं. आत बघतो तर टायरला असतो तसाच वॉल. म्हणून पिन दाबली."

शिवाभाऊ भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात माल तपासायचे. दिवसभर झाकणं काढून आत डोकवायचं, हेच काम. त्यामुळे टोपण दिसलं आणि ते उघडलं नाही, असं त्यांच्या हातून होत नसे. सायकल घरची असती तर प्रश्न नव्हता. पण ती होती होणाऱ्या जावयाची, आणि 'होणाऱ्या' म्हणणंही जरा घाईचंच होतं, कारण सुपारी अजून फुटायची होती.

जावई म्हणजे मिरा रोडचा केतन शिगवण. मूळचा संगमेश्वरकडचा. तो भुवडांच्या मनालीला बघायला आला आणि एरवी चहा ठेवून आत निघून जाणारी ही मुलगी त्या दिवशी पोहे वाढायला पुन्हा स्वतःहून उठली, तेव्हाच सुगंधाताई काय ते समजल्या. मग केतनचे वडील रघूनाना यांनी विचारलं, "मुलीला आवड कसली?" मनाली विचार करू लागली. सगळे गप्प. शिवाभाऊंना शांतता सोसत नाही.

"सायकल!" ते म्हणाले. "रविवारी सायकल घेऊन बाहेर पडली की जेवायलाच घरी!"

मनाली चौथीत सायकलवरून पडली होती. त्यानंतर तिने सायकलीला हात लावला नव्हता.

"काय सांगता!" रघूनाना सरसावून बसले. "आमच्या केतनचं पण तेच! डोंगरात नेतो सायकल, डोंगरात!"

झालं. पुढच्याच रविवारी केतन ही डोंगरातली सायकल टेम्पोत घालून भुवडांकडे घेऊन आला. "रस्त्यावर चालवली तर टायर झिजतात," तो म्हणाला. "मनाली, आठवडाभर हात बसव. पुढच्या रविवारी उत्तनजवळ चौक गावाला जाऊ, समुद्रावर. तू सायकलवर, मी मागून स्कूटरवर." मुलगा फार समजूतदार आहे, असं शिवाभाऊंचं मत झालं.

मग आठवडाभर रोज सकाळी मनाली सायकलवर आणि शिवाभाऊ सीट धरून मागे, अशी बिल्डिंगच्या मागे वरात निघायची. शनिवारपर्यंत मनाली सरळ जाऊ लागली होती. वळणं बाकी होती.

"पप्पा, मी केतनला खरं सांगून टाकते," ती रोज म्हणायची.

"आधी सुपारी फुटू दे. खोटं बोलणारं घर म्हणून ती माणसं उठून जातील," शिवाभाऊ म्हणायचे. तिला तो मुलगा मनापासून आवडलाय आणि आपल्या जिभेपायी तो जाणार, या धास्तीने त्यांचं जेवण कमी झालं होतं. त्यात आता सायकल वाकून बसली.

ती तशीच ढकलत त्यांनी केबिन रोडजवळ पंक्चरवाल्याकडे नेली.

"भाई, इसका हवा गया."

"टायर तो टाइट है."

"टायर का नहीं, ये ऊपर का."

असला प्रकार पंक्चरवाल्याने जन्मात पाहिला नव्हता, पण चेहऱ्यावर तसं काही दिसू न देता त्याने नळी लावली. सायकल ताडकन उठून उभी राहिली. "अब हाथी बैठेगा तो भी नहीं दबेगा!"

शिवाभाऊंनी हँडलवर सगळा भार टाकून पाहिला. खरंच दबत नव्हतं.

"अरे, लेकिन थोडा दबना चाहिए ना!"

"चाचा, उठाना है के दबाना है? एक बात बोलो."

पिन दाबली की सायकल बसायची, नळी लावली की ताठ व्हायची. मधलं काही तिला मंजूर नव्हतं. बघ्यांची गर्दी झाली. एकाने तेल सोडायला सांगितलं, दुसऱ्याने उलटी करून हलवायला. शेवटी पंक्चरवाला वैतागून म्हणाला, "टाइट ले जाओ. टाइट में मालिक खुश रहता है."

घरी मनालीने हँडल दाबून पाहिलं आणि ती रडकुंडीला आली. "पप्पा, हा तर खांब झालाय!"

सुगंधाताईंनी तांदळाने भरलेली पिशवी हँडलला अडकवून पाहिली. सायकल ढिम्म हलली नाही. रात्री शिवाभाऊंचा डोळा लागला नाही.

रविवारी सकाळी केतन हेल्मेट घेऊन हजर झाला. पेशंटच्या खाटेशी नातेवाईक उभे राहतात तसे तिघं सायकलीशी उभे राहिले. केतनने हँडल दाबलं. हललं नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग तो नुसताच बघत राहिला. कोणी काही बोलेना. आणि शिवाभाऊंना शांतता सोसत नाही.

"मी दाबली!" ते ओरडले. "पिन मी दाबली, हवा मी घालवली, पंक्चरवाल्याकडे मीच नेली! आणि मनालीला सायकल येत नाही. ते पण मीच ठोकून दिलं. तिचा काही दोष नाही, केतनराव. राग धरायचा तर माझ्यावर धरा!"

सुगंधाताईंनी डोळे मिटून घेतले. मनाली फरशीकडे बघत उभी राहिली.

केतन सोफ्यावर बसला. "काका, जरा पाणी मिळेल?" तो म्हणाला आणि गटागटा तांब्या संपवला. "मला वाटलं, आता माझंच पितळ उघडं पडणार. हे दबायला पाहिजे की नको, तेच मला माहीत नाही. ही सायकल ऑफिसमधल्या साईराजची आहे. मला सायकल येतच नाही."

"पण नाना तर म्हणाले, डोंगरात..."

"तुम्ही बोललात आणि नानांना राहवलं नाही. मग कुठूनतरी सायकल आणणं आलं. म्हटलं, एकच सायकल असली आणि तिच्यावर मनाली बसली, की मला कोण बस म्हणणार?"

"म्हणजे तो टेम्पो..." मनाली म्हणाली.

"मग आणणार कशी?"

मनाली हसायला लागली, ती थांबेचना. केतनने साईराजला फोन लावला. साईराज म्हणाला, त्यात हवाच असते, माझ्याकडे त्याचा छोटा पंप आहे, संध्याकाळी येऊन करतो नीट. एवढंच. जी गोष्ट इतकी साधी होती तिच्यासाठी आपण रात्रभर जागलो, याचा शिवाभाऊंना थोडा रागच आला.

दोघं स्कूटरवरून चौकला गेली. सुगंधाताईंनी चहा टाकला, तेवढ्यात रघूनानांचा फोन आला.

"काय शिवाभाऊ, निघाली का पोरं सायकल घेऊन?"

शिवाभाऊंनी कोपऱ्यात पाहिलं. आठवडाभराची धास्ती आठवली आणि त्यांनी मन घट्ट केलं. "निघाली, नाना. पण सायकल इथेच आहे."

"हां, हां," नाना म्हणाले. "तसं केतनचं हल्ली पोहण्याकडे जास्त लक्ष आहे. समुद्रात पार लांब जातो!"

"काय सांगता!" शिवाभाऊ खुर्चीत सरसावून बसले. "आमची मनाली पण..."

सुगंधाताईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. "नमस्कार, नाना. सुपारी कधी फोडायची, तेवढं बोला."