माऊसच्या पोटाला कुंकू

पंच्याण्णव सालची गोष्ट. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात कृष्णकांत डिस्पॅच सांभाळी. महिनाभर त्याने एकच धोशा लावला होता: कॉम्प्युटरची ती नवी सिस्टीम म्हणजे नुसता गाजावाजा! मुंबईत म्हणे लोक तिच्यासाठी रांगा लावत होते.

"रेशनला लावली तर समजतो," तो टायपिस्ट आनंदीला म्हणे. "आपल्या काळ्या पडद्यावर दोन शब्द ठोकले का गेटपास हातात. चित्रांवर बाण नाचवून कुणाचा माल सुटलाय?"

खरी गोम वेगळीच होती. तो बाण कृष्णकांतच्या हातात ठरत नसे. जरा माऊस हलवला की पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसे. आणि साहेबांनी तर बजावलं होतं, "खंडेनवमीची पूजा झाली की पहिला गेटपास तुम्ही नव्या मशीनवर काढायचा. नाही जमलं तर मनोरचं गोडाऊन." जुना कॉम्प्युटर आधीच मनोरला रवाना झाला होता. वाणगावचं घर, चिकूची वाडी सोडून रोज मनोर गाठायचं या विचारानेच कृष्णकांतची झोप उडाली.

खंडेनवमीला वयाने मोठा म्हणून पूजेचं ताट त्याच्याच हाती आलं. पूजा मात्र त्याने मनापासून केली. बायकोने, प्रेमलाने, घरून अक्षता पुडीत बांधून दिल्या होत्या. कोयत्याच्या पात्याला कुंकू लावायचं, मुठीला नाही, हे वडलांनी शिकवलेलं. म्हणून त्याने माऊस उलटा केला, बाण हलवणाऱ्या खालच्या रबरी गोळीला चांगलं ओलं कुंकू फासलं आणि वर अक्षता दाबल्या.

बाहेर रामा टेम्पोवाला हॉर्न मारत होता. कृष्णकांतने देवाचं नाव घेऊन माऊस धरला. बाण हलेना. आनंदीने धरला, साहेबांनी धरला, बाण ढिम्म!

कृष्णकांतच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. "बघा! बोललो होतो का नाय? आणि पूजेत मी काय कसर ठेवली नाय हां, याच्या पोटालासुदा कुंकू लावलं! तरी हालत नाय म्हंजे सिस्टीमच बोगस!" झटकन हाताने गेटपास लिहून त्याने रामाला पिटाळलं.

पालघरहून मेकॅनिक येईपर्यंत हे भाषण अख्ख्या कारखान्याने ऐकलं. मेकॅनिकने माऊस उलटा करून झाकण फिरवलं. आत कुंकवाचा चिखल आणि तांदळाचे तीन दाणे.

कुणी लावलं, हे विचारायची गरजच नव्हती. सगळे कृष्णकांतकडे बघत होते. त्याला मनोरची एसटी दिसू लागली.

गोळी पुसून बसवताच बाण सरसर पळाला. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, कुंकू नसलं तरी धूळ जातेच. दर आठवड्याला हे उघडून पुसायला माणूस लागेल."

"आहे ना," साहेब म्हणाले. "याच्या पोटापर्यंत पोचलेला आमच्याकडे एकच आहे. त्याला मनोरला पाठवून कसं चालेल?"

संध्याकाळी प्रेमलाने विचारलं, "कशी हाय ती नवी शिष्टम?"

"काय नाय गं. तीन तांदळात आडवी झाली."

"अगो बाई! मी बांधून दिलेले?"

"तेच," कृष्णकांत चहा ओतत म्हणाला. "कायपण बोल, आपल्या वाडा कोलमापुढे कोण टिकणार?"