समजा, एक मुलगी आहे

सदानंद हा गॅसच्या प्लांटवर सेफ्टी मॅनेजर. अपघात होण्याआधीच तो ओळखायचा, ही त्याची नोकरी आणि हाच त्याचा अभिमान. तेव्हा दोह्यातल्या मदिनत खलीफा भागातल्या आपल्या घरीही त्याने छातीठोकपणे जाहीर केलं, "ईश्वरीच्या शिक्षणाचा निर्णय ईश्वरीचा. मी त्यात नाक खुपसणार नाही!"

शैलजाने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

लेक पुण्यात इंजिनिअरिंगचं एक वर्ष करून दोह्याच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेऊन आली होती. इथे तिने हौस म्हणून भाषांतराचा एक विषय घेतला आणि पोरगी अरबीच्या प्रेमातच पडली! आता इंजिनिअरिंग सोडून मेजर, म्हणजे मुख्य विषयच बदलायचा, की दोन्ही धरून डबल मेजर करायचा? या सत्रात दोन्हीकडचे विषय घेऊन बघायचे आणि मग काय ते कायमचं ठरवायचं, असं ठरलं.

नाक न खुपसणारे बाबा त्याच संध्याकाळी तिच्या खोलीत हजर. "मला काही नाही गं. पण इंजिनिअरिंग सोडलंस तर आईला फार लागेल. डबलच कर."

ते बाहेर पडले आणि दुधाचा कप घेऊन आई आत. "मला काही नाही गं. पण बाबांचं स्वप्न आहे ना. डबलच कर."

ईश्वरी गुणी पोर. दोघांचं मन राखायला तिने कंबर कसली. पुढे पुढे ती जेवता जेवता झोपायला लागली. एकदा तर कपाळ थेट वरणभातात! एका सकाळी तिने सनस्क्रीनने दात घासले आणि वर म्हणाली, "आई, पेस्ट बदललीस? छान आहे!"

प्लांटवर असतं तर सदानंदने सायरन वाजवला असता. पोरीने डबल मेजर कायमचा घेतला तर तिचं काय होईल, या विचाराने त्याचा घास उतरेना. शेवटी 'साइटवर मीटिंग आहे' अशी थाप मारून त्याने युनिव्हर्सिटी गाठली. विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या अनीसा मॅडम हैदराबादच्या. त्याला हायसं वाटलं. हिंदीत बोलता येणार!

"मॅडम, ईश्वरी के बारे में..."

"सॉरी सर. स्टुडंट की बात पेरेंट्स से नहीं कर सकती. रूल है."

नियम म्हणजे सेफ्टी मॅनेजरचा देवच! पण बापाचं काळीज गप्प बसतंय होय?

"ठीक है. समझो, एक लडकी है. कोई भी लडकी. पूना से आयी है. चष्मा है. चावल में सोती है."

मॅडमनी हसू दाबलं. "समझो, है."

"उसको बोलो, इंजिनिअरिंग छोड दे. बाप को चलेगा! प्रॉब्लेम उसकी माँ है. माँ को इंजिनिअरच मंगता!"

"कुणाला मंगता?"

दारात शैलजा! मसाले आणायला सूक वाकिफला गेलेली शैलजा!

"अहो, मी तर हेच सांगायला आले, की पोरीला सोडवा. तिचे बाबा ऐकत नाहीत म्हणून!"

"मी ऐकत नाही? मला काही नाहीच मुळी!"

"मग मलाही काही नाही!"

"तो फिर," मॅडमनी शांतपणे विचारलं, "इंजिनिअरिंग चाहिए किसको?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"मलाही नकोय," मागून बारीक आवाज आला. मॅडमची वेळ घेऊन आलेली ईश्वरी दारात उभी होती. ती आईबाबांच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. "थँक यू, बाबा. थँक यू, आई. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"मेरे पास माँ-बाप सब्जेक्ट बढवाने आते हैं," अनीसा मॅडम डोळे टिपत म्हणाल्या. "छुडवाने पहली बार कोई आया."

सदानंदला भरून आलं. या बाईचे उपकार कसे फेडावेत! आणि आपल्यासारखीच थाप मारून आलेल्या बायकोचे तर त्याहूनही मोठे! "शुक्रन मॅडम, शुक्रन!" म्हणत त्याने दोघींना बाहेर काढलं.

"बाबा, पण मला आत्ता..."

"आत्ता काही नाही! खलास! आधी गाडीत बस, ऊन बघ केवढं!"

एसीचा वारा लागला मात्र, ईश्वरी मागच्या सीटवर गाढ झोपली. मग गाडी थांबवायची कुणाची छाती? सदानंदने लुसैलच्या गुळगुळीत रस्त्यांवर फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. शैलजाने रेडिओ बंद केला, आपली ओढणी लेकीच्या पायांवर टाकली. पोर किती दिवसांनी सुखाने झोपली होती! दोघांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

उन्हं कलली, तेव्हा ईश्वरीने डोळे उघडले. "बाबा, किती वाजले?"

"झोप गं निवांत. तीन."

"तीन? बाबा, अकराला माझी अरबीची तोंडी परीक्षा होती! तेच तर सांगत होते मघाशी!"