खरेकाकांची अमेरिका

खरेकाकांनी चहा सोडला की आमच्या रस्त्यावरच्या मराठी घरांना कळायचं, अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटलं.

आमचा रस्ता इंग्लंडमधल्या लीड्सचा. एकाला एक खेटून लाल विटांची घरं, पुढे हातरुमालाएवढी बाग, मागे कौन्सिलचे कचऱ्याचे डबे. नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आम्ही पुण्याहून इथे आलो, तेव्हा शेजारच्या दारावर 'डॉ. खरे' अशी पाटी बघून मला कोण आनंद झाला! लगेच त्यांना चहाला बोलावलं. पासष्टी ओलांडलेले, ताठ, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ आले. कपाकडे बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "या आठवड्यात नको. आपण त्यांच्या चहावर कर लावलाय. चुकलंच आपलं."

"आपलं म्हणजे कुणाचं?" मी विचारलं.

"म्हणजे आपलं, ब्रिटिशांचं! तू नवीन आहेस म्हणून. मी पासपोर्ट घेतलाय ना यांचा. मग जबाबदारी नको घ्यायला?"

जन्म नागपूरचा, नोकरी उभी लीड्सच्या हॉस्पिटलात, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या करापायी हा माणूस माझा आल्याचा चहा नाकारतोय! मी मनात म्हटलं, वृंदाबाई, शेजार काही साधा नाही मिळालेला.

तो नव्हताच साधा. काका अमेरिकेचा इतिहास शिकवायचे आणि ज्या आठवड्यात जे शिकवायचं, ते स्वतः पाळायचे. त्यांचं म्हणणं, नुसतं वाचून डोक्यात राहत नाही, अंगावर घेतलं पाहिजे. उत्तर-दक्षिण यादवी सुरू झाली तेव्हा वरचा मजला उत्तर आणि खालचा दक्षिण ठरला. काका दक्षिणेत अडकले, सोफ्यावर झोपले आणि मान आखडून घेतली. मी म्हटलं, "अहो काका, रात्रीपुरता तरी तह करा!" तर म्हणे, "काय बोलून राहिली तू! माणसं मरून राहिली तिथे आणि मी गादीवर झोपू?" माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला वाईनची बाटली घेऊन आले आणि जाताना तीच बाटली बगलेत मारून परत घेऊन गेले. मधेच आठवलं होतं, सोमवारपासून दारूबंदी आहे.

काका भूलतज्ज्ञ होते. निवृत्त झाले तरी भाषा ऑपरेशन थिएटरचीच. काही सांगायचं असलं की आधी, "दीर्घ श्वास घे." वाईट बातमी असली तर, "आता थोडं टोचेल हं." अध्यक्षांची नावं कधी घ्यायचे नाहीत. थिएटरात म्हणे कुणी नावानं नसतंच. सकाळी हर्निया, दुपारी अपेंडिक्स. तसे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष 'कवळीवाले', यादवीतले ते उंच 'टोपीवाले', आणि दुसऱ्या महायुद्धातले व्हीलचेअरमधले 'पोलिओवाले'. "टोपीवाल्यांनी गुलामांना मोकळं केलं, पण कवळीवाल्यांच्या स्वतःच्या शेतावर गुलाम राबत होते. हे सांगताना टोचणारच." मॅट्रिकनंतर या माणसानं इतिहासाचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. आता घरभर अमेरिका पसरलेली. बाथरूमच्या दारावर राज्यांचा नकाशा!

हे सगळं कुणासाठी, तर तारासाठी.

तारा म्हणजे काकांची नात. त्यांची एकुलती एक मुलगी अमृता अमेरिकेत, ओहायोत. डेव्हिड नावाच्या भल्या माणसाशी लग्न केलेलं. तिकडे काही लोक मुलांना शाळेत घालतच नाहीत, घरीच शिकवतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाटच पडले. आमची आई तर सुट्टी लागली की शाळा उघडायचे दिवस मोजायची! पण अमृता आणि डेव्हिडनं ताराला घरीच शिकवलं. गणित आणि विज्ञान वडिलांकडे, इंग्रजी शेजारच्या एका बाईंकडे, आणि इतिहास आईकडे. तारा हायस्कूलच्या वयाची झाली आणि त्याच वर्षी अमृता कॅन्सरनं गेली.

काका ओहायोला गेले, सगळं उरकलं. निघायच्या आदल्या दिवशी डेव्हिड जेवणाच्या टेबलाशी बसून पुढच्या वर्षाचे विषय लावत होता. इतिहासापाशी त्याचा हात थांबला.  तेव्हा काका म्हणाले, "इतिहास मी घेतो."

"का म्हणालो, मलाच ठाऊक नाही," मला सांगत होते. "पण अमृताचा तास रिकामा राहील, हे मला सहन नाही झालं गं."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चार वाजता वेबकॅमवर तास. लीड्सला दुपार, ओहायोत सकाळ. त्याआधी आजोबा आणि नातीचं फोनवर बोलणं म्हणजे, 'हाऊ आर यू', 'फाइन', 'ओके, बाय'. ताराला मराठी येत नाही, काकांना त्या वयाच्या मुलींशी काय बोलायचं ते येत नाही. आता बोलायला अख्खा देश मिळाला होता. काकी जाऊन बरीच वर्षं झालेली, अमृताही गेली. आठवड्यातला तो एक तास सोडला, तर या माणसाला रक्ताचं कुणी हाक मारणारं नव्हतं.

शनिवारी त्याची रंगीत तालीम व्हायची, आणि विद्यार्थिनी मी. वय बेचाळीस. आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर तपासून डोळ्यांची भजी झालेली, आणि शनिवारी काका विचारणार, "दक्षिणेतल्या राज्यांना फुटून का निघायचं होतं? दीर्घ श्वास घे आणि सांग." मी ठोकून द्यायची, "पाण्यावरून भांडण असेल." काका कपाळावर हात मारून घ्यायचे. "तारा बघ कशी उत्तरं देते! तिच्या निम्म्यानंही नाही तू!" तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही फुललेलं असायचं ना, त्यासाठी मी मुद्दाम सुद्धा चुकायची.

एका नाताळात डेव्हिडचा फोन आला. शनिवारी मी तालमीला गेले तर काका पुस्तक न उघडताच बसलेले.

"आता थोडं टोचेल," म्हणाले, पण ते मला नव्हतं. "तारा सप्टेंबरपासून शाळेत जाणार. बरोबरच आहे. बरोबरीची पोरं हवीत तिला. शाळेत इतिहासाला मास्तर असतीलच."

"मग तुमचा तास?"

"उन्हाळ्यापर्यंत."

त्यानंतर काकांनी जे केलं त्याला काय म्हणावं! त्यांनी इतिहासच थांबवला. तेव्हा काकांच्या अमेरिकेत १९३० सालची जागतिक मंदी चालू होती, आणि काका नियमाप्रमाणे रोज नुसतं सूप आणि शिळा पाव खात होते. जानेवारी संपला, मंदी चालूच. फेब्रुवारी आला तरी मंदी. माझ्या डोळ्यांदेखत माणूस वाळत चालला. मी चिडले. "अहो काका, पुढे चला की! पोलिओवाले निवडून येऊनसुद्धा किती आठवडे झाले!"

"चार वेळा निवडून आलेत ते. त्यांना काय एका रविवारी आटपू?"

"अहो, पण सूप किती दिवस?"

काकांनी समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "वृंदा, पुढे गेलं की महायुद्ध. मग चंद्र. मग काय राहिलं? आजचा दिवस आला की संपलं ना गं."

मी तावातावानं घरी आले, आमटी-भात डब्यात भरला, नेऊन त्यांच्यापुढे आदळला आणि ते खाईपर्यंत उठले नाही. रडू येत होतं, म्हणून आणखीच जोरात बोलत होते.

मार्चमधल्या एका रविवारी काका दुपारी अडीचलाच माझ्या दारात. त्यांचा वेबकॅम चालत नव्हता. मी म्हटलं, "चारला अजून अवकाश आहे. बसा, पोहे करते, मग जाऊ." पोहे झाले, गप्पा झाल्या. त्या दिवशी काका खुशीत होते. महायुद्ध सुरू करायचं एकदाचं ठरवलं होतं. साडेतीनच्या पुढे आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर हॉलमध्ये आन्सरिंग मशीनचा लाल दिवा लुकलुकत होता.

काकांनी बटण दाबलं. ताराचा आवाज. "आजोबा, आर यू देअर?" मग दुसरा निरोप, "आजोबा, प्लीज पिक अप." तिसऱ्यात शब्द नव्हतेच. नुसता श्वास. मला वाटलं, चुकून लागलाय. पण काकांनी माझा दंड घट्ट धरला. उभं आयुष्य लोकांचे श्वास ऐकलेला माणूस तो. म्हणाले, "ती रडतेय."

झालं होतं असं, की त्या वर्षीपासून अमेरिकेनं उन्हाळ्यासाठी घड्याळं इंग्लंडच्या आधीच पुढे करायचं ठरवलं होतं. आमची घड्याळं बदलायला अजून अवकाश होता. म्हणजे तिचा तास आमच्या तीनलाच सुरू झाला होता. अमेरिकेच्या इतिहासाच्या मास्तरांना अमेरिकेत किती वाजले तेच ठाऊक नव्हतं! एरवी मी यावरून काकांना महिनाभर छळलं असतं. पण तेव्हा मी सरळ टेबलाखाली शिरले. कॅमेऱ्याची वायर कशीबशी बसवली आणि पडद्यावर तारा आली. नाक लाल, केस तोंडावर. डेव्हिड गॅरेजमध्ये होता, त्याला तिनं सांगितलंच नव्हतं. एकटीच पडद्यापुढे बसून राहिली होती.

काका घाईघाईनं घड्याळाचं समजावून सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं आणि इंग्रजीत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीसुद्धा."

काकांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, हा तास फक्त आपल्याला हवाय. पोरगी बिचारी आजोबांचं मन राखतेय.

मी उठायला लागले तर त्यांनी हातानं खूण केली, बस म्हणून. एकट्याला धीर होईना. त्या दिवशी महायुद्ध झालंच नाही. थोड्या वेळानं तारानं विचारलं, "आजोबा, मॉम माझ्याएवढी होती तेव्हा तुमच्या याच घरात होती ना? कशी होती ती?"

दोघांनी आजवर अमृताचं नाव एकमेकांपुढे काढलेलं नव्हतं. मला वाटलं, आता काका भडाभडा बोलतील. पण त्यांनी खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली. मग म्हणाले, "आय डोन्ट नो, बेटा. मला ठाऊक नाही. मी हॉस्पिटलमध्ये असायचो."

किती जिवावर आलं असेल हे म्हणणं! खोटं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती.  तारा बाहीनं नाक पुसून म्हणाली, "मला माहितीय. मॉम मला सगळं सांगायची. मी सांगू तुम्हाला?"

सप्टेंबरमध्ये तारा शाळेत गेली. तिथले मास्तर बरे आहेत म्हणे, पण कवळीवाल्यांचं नीट सांगत नाहीत. रविवारचा तास राहिला. मात्र आता शिकवते ती आणि शिकतात काका. अमृताला कुठल्या बाईंचा राग यायचा, कुठल्या बसस्टॉपवर ती मैत्रिणीबरोबर उगीचच उभी राहायची, मटारची उसळ कुठे लपवायची. शनिवारची तालीम बंद झाली. काका माझ्याशी गोड हसून म्हणतात, "आता मला तयारी लागत नाही, नुसतं ऐकायचं असतं." माझा शनिवार मोकळा झाला, आणि खरं सांगते, मला तो खायला उठतो.

परवाच्या रविवारी तास संपल्यावर काका सरळ आमच्याकडे आले. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. मी पोळ्या लाटत होते.

"काय शिकलात आज?" मी विचारलं.

"अमृता रात्री झोपायची नाही म्हणे," काका म्हणाले. "माझी गाडी दारात येईपर्यंत जागी असायची. जिन्यावर माझं पाऊल वाजलं की डोळे मिटून घ्यायची. मी दार लोटून बघायचो, पांघरूण सारखं करायचो. मला वाटायचं, पोरगी गाढ झोपलीय."

तव्यावरची पोळी करपली तरी मला कळलं नाही.

"वृंदा," ते म्हणाले, "माणूस झोपलाय की जागा आहे, एवढंच तर ओळखायचं काम केलं गं मी आयुष्यभर."