सुमनआक्का आणि गुंड्याची खाज

आमच्या शेजारच्या सुमनआक्का साबणाची वडीसुद्धा वापरायच्या आधी धुऊन घेतात. खोटं सांगत नाही. कागद काढून वडी नळाखाली धरतात आणि मग त्या स्वच्छ साबणानं नळ धुतात.

पलूसच्या मुलींच्या शाळेत त्यांनी शिवण शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यापासून त्या, दोन खोल्या आणि बादली, एवढाच संसार. "धुतलं की निम्मं दुखणं जातंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी गाडी सुरू होत नव्हती तेव्हासुद्धा त्या खिडकीतून हेच म्हणाल्या.

गेल्या हंगामात ऊसतोडीची टोळी परत गेली आणि एक तांबडं कुत्रं मागं राहिलं. ते येऊन बसलं नेमकं आक्कांच्याच दारात. आता काय होतंय ते बघायला सगळी गल्ली बाहेर आली. आक्कांनी बादलीभर पाणी त्याच्यावर ओतलं. ते पळालं नाही. अंग झटकून त्यानं आक्कांनाच भिजवलं आणि पुन्हा बसलं.

"लय निगरगट्ट हायस की रं," असं म्हणत आक्का साबण आणायला आत गेल्या.

डोळे काळ्या गुंड्यांसारखे, म्हणून नाव पडलं गुंड्या. त्याला रोज आंघोळ सुरू झाली. काही दिवसांनी तो खाजवायला लागला. मागचा पाय सारखा बरगडीवर चालायचा, शेपटीच्या बुडाशी तो दातानं कुरतडायचा. आक्कांनी आंघोळी दोन केल्या. अंगाचा साबण झाला, कपड्यांचा झाला, जंतुनाशक झालं. गुंड्याचे केस गळाले, पाठ लालबुंद झाली. कोणी तरी म्हणालं, गाडीचं काळं ऑइल लावा.

"ऑइल? आन् ते मग धुवायचं कशानं?" आक्का कडाडल्या. त्या एका विचारानं गुंड्या वाचला.

शेवटी मीच दोघांना रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं गुंड्याच्या पाठीवरनं बारीक फणी फिरवली आणि फणीतला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कापसावर झटकला. कापसावर तांबूस डाग उमटले.

"पिसवांची विष्ठा आहे ही, मावशी. त्यांनी प्यालेलं रक्त. याला पिसवा चावल्याचं वावडं आहे. दोन-चार चावल्या तरी अंगभर खाज सुटते. आंघोळ कितीदा घालता?"

"दोनदा," आक्का अभिमानानं म्हणाल्या. "रोज."

डॉक्टरनं फणी खाली ठेवली. "मग आता बंद. साबणानं कातडीचं तेल जातं, ती कोरडी पडते आणि आणखी खाजते. त्यातनं माणसाचा साबण कुत्र्याला चालतच नाही."

आक्कांचा चेहरा पडला. "म्हंजे... मीच केलं व्हय हे?"

"पिसवांनी सुरू केलं. साबणानं भर पडली. बरं होईल." तिनं मानेवर टाकायचं औषध वजन बघून दिलं, खाजेच्या गोळ्या दिल्या. "पण पिसवा घरातसुद्धा असतात. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा, उन्हात घाला. कानाकोपरे रोज झाडा."

एवढं ऐकल्यावर आक्कांना जरा धीर आला. परतताना त्या रिक्षावाल्याला सांगत होत्या, "अंथरूण धुवा म्हणाली हां डॉक्टर!"

पण आंघोळ न घालणं त्यांना फार जड गेलं. सकाळी बादली भरायच्या आणि तशीच तुळशीला ओतायच्या. जखम चाटू नये म्हणून डॉक्टरनं दिलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं गळ्यात घालून गुंड्या दारांना धडकायचा. आक्कांनी जुनी गोधडी उसवून त्याच्या मानेला जाड मऊ कॉलर शिवली. तरी संध्याकाळी खाज उसळली की तो केविलवाणा व्हायचा. मग त्या जमिनीवर त्याच्याशेजारी बसायच्या, गार पाण्यात पिळलेलं फडकं लाल जागेवर ठेवायच्या आणि मागचा पाय हलकेच धरायच्या. "खाजवू नगं रं, माझ्या राजा. मी हाय न्हवं?" आक्कांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

काही आठवड्यांत खाजवणारा पाय थांबला. पाठीवर तांबूस लव आली.

परवा औषध पोचवायला गेलो, तर आक्का भिंतीला टेकून बसलेल्या. गुंड्या त्यांच्या मांडीवर डोकं टाकून गाढ झोपला होता. त्या कुजबुजल्या, "सुधीर, मला उठता येईना. आज नीट डोळा लागलाय बघ त्याचा. चहा तूच ठेव."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. फळीवर एकच कप होता.

"वरच्या खोक्यात हायत," बाहेरून आवाज आला. "शाळेनं निरोपाला दिलेलं. कवा उघडलंच न्हाई."

मी खोक्याची चिकटपट्टी सोडवली. "दोन काढू?"



"तीन काढ. समोरच्या वैनींनाबी हाक मार की."