पाटा आणा, मिक्सर न्या

दुकानाच्या पायरीवर धप्पकन दगड ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा बयनाबाई गल्ल्यामागच्या खुर्चीत सुपारी कातरत बसल्या होत्या. बोथ गावच्या बाजारातलं हे भांड्या-मिक्सरांचं दुकान मुलाचं, वैभवचं. पण पाटीवर नाव बयनाबाईंचं आणि धाकही त्यांचाच. दोन इयत्ता शिकलेल्या बाईचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत अख्ख्या बाजारात दुसरं नव्हतं.

पायरीवर बाजारहत्नूर गावच्या जयवंताबाई घाम पुसत उभ्या. ऑटोतून उतरवलेला पाटा-वरवंटा पायाशी.

“हा घ्या पाटा अन् द्या मिक्सर, निम्म्या भावात.”

“कोनं सांगतलं तुले?”

“तुमीच तं.” जयवंताबाईंनी फोन पुढे केला. पडद्यावर हिरव्या लुगड्यातल्या बयनाबाई मिक्सरवर थाप मारून म्हणत होत्या, ‘दसऱ्याले जुना पाटा आणा, निम्म्या भावात मिक्सर न्या. माहा शब्द आहे.’

वैभव आतून धावत आला. “मावशी, हे सहा वर्साखालची जाहिरात हाय. तवाच्या दसऱ्याची. तारीख पाहा ना खाली.”

“तारीख मुंगीएवढी अन् माहं तोंड सुपाएवढं,” बयनाबाई म्हणाल्या. “लोकं काय पाह्यतीन?”

“मंग पाटा वापस न्या, मावशी.”

दोघी बायांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पावलं मागे सरला. बारशाला ज्या वरवंट्याला टोपरं घालून बाळासारखं मिरवतात, तो पाट्यासकट घराबाहेर काढायचा आणि रिकाम्या हातानं परत न्यायचा? अशी अवदसा कोणी ओढवून घेत नाही.

“दे मिक्सर,” बयनाबाई म्हणाल्या.

जयवंताबाई मिक्सर कडेवर घेऊन गेल्या आणि वाटेत ज्याला त्याला सांगत गेल्या. दुसऱ्या दिवशी चार पाटे आले, तिसऱ्या दिवशी नऊ. एक म्हातारी तर नवऱ्याच्या डोक्यावर पाटा देऊन बसमधून उतरली. दुकानात शिरायला वाट उरली नाही. सण तोंडावर आणि माल चालला निम्म्या भावात. वैभवचं तोंड वरवंट्यासारखं गुळगुळीत झालं, त्यावर कसलाच भाव राहिला नाही.

“काढून टाक ते जाहिरात,” बयनाबाईंनी फर्मावलं.

“माय, दोन लाख लोकाईनं पाह्यली ते. काढली तं दुकान कोनाले दिसंन? जुनी असली म्हणून काय झालं, नाव तं होते.”

“नाव कोनाचं होते? माहं. अन् खोटं कोन ठरते? मीच.” त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. “तुले ठेवाची हाय ना? ठेव. पण जोवर ते बाई फोनात बोलून राह्यली, तोवर तिचा शब्द ह्या दुकानात चालंन.”

आणि त्यांनी दारातच स्टूल टाकलं. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या स्वतः हाक मारायच्या, “ये माय, पाटा तिकडं ठेव. वैभव, मिक्सर काढ.” दुपारपर्यंत आणखी पाच पाटे आले. सून रूपाली खोकी काढून देत होती आणि नवऱ्याकडे बघतही नव्हती. सहाव्या पाट्याचा ऑटो वळणावर दिसला तसा वैभवनं फोन काढला आणि बोटानं दोन लाख लोक पुसून टाकले.

“गेली,” तो म्हणाला.

ऑटोवाल्या बाईला तेवढा शेवटचा मिक्सर मिळाला. पण पाटे राहिले. वीस पाटे, वीस वरवंटे. फेकायचे नाहीत, कारण ते पाप. ठेवायचे नाहीत, कारण जागा नाही.

“नवी जाहिरात कर,” बयनाबाई म्हणाल्या. “मीच बोलतो.”

रूपालीनं फोन धरला. बयनाबाई पाट्यांच्या ढिगासमोर पदर सावरून उभ्या राहिल्या. “जुनी गोष्ट सरली. आता पाटे आणू नका. हे हायत ते ज्याले पाह्यजे त्यानं घेऊन जावा, फुकट. पण पाटा हाय तो, लक्ष्मी हाय. रिकाम्या हातानं नेऊ नका. घरातलं काईतरी घेऊन या. माहा शब्द आहे.”

“मस्त बोलल्या, आत्याबाई,” रूपाली म्हणाली.

“नारळ येतीन, मूठभर तांदूळ येतीन,” बयनाबाई समाधानानं म्हणाल्या. “दसऱ्याले कामी पडतीन.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत पायरीवर रांग होती. सगळ्यात पुढे रेणुकाबाई, सहा वर्षांपूर्वी पहिला पाटा देऊन पहिला मिक्सर नेलेल्या. त्यांनी पिशवीतून तोच मिक्सर काढला आणि वैभवच्या हातात ठेवला. मिक्सरला जळक्या वायरीचा वास येत होता.

“हे घे. घरातलंच हाय. अन् एक पाटा दे, पाट्यावरची चटणी याले जमली नाई.”

मागे रांगेतल्या प्रत्येकीच्या काखेत एकेक जुना मिक्सर होता.

वैभवनं घाईघाईनं खिशातून फोन काढला. “माय, पुसून टाकतो हे बी.”

“हात लावू नको,” बयनाबाई म्हणाल्या. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, ढिगातला जयवंताबाईंचा पाटा घरच्या चटणीसाठी हळूच आपल्या खुर्चीखाली सरकवला आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “पाटे सरले की काढ. तोवर तारीख टाक तिच्यावर. मोठी टाक. माह्या तोंडाएवढी.”