मापाडींचं रेक्विअम

मापाडींना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान मापाडी तसं सांगत. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यातर्फे दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासली होती. त्यामुळे गावानं त्यांना मापाडी हे नाव दिलं आणि खरं नाव बहुधा पेन्शनच्या कागदावरच उरलं. माणूस निवृत्त झाला, पण नजर काही झाली नाही. डॉक्टरांनी नाडी धरली तरी हे दुसऱ्या हातातल्या घड्याळावर स्वतः ठोके मोजत आणि मग आकडा जुळतो का ते विचारत.

त्यांची बायको गायनवृंदात गायची. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये वीस-एक माणसं दर शनिवारी जमत. मापाडींनी त्यात कधी लक्ष घातलं नव्हतं. पण पाववाला वारला आणि त्याच्या शोकसभेत वृंदानं रेक्विअम गायलं. त्यात चार ओळी बायकोनं एकटीनं म्हटल्या. अख्ख्या सभागृहानं रुमाल काढले. पाववाल्याशी वीस वर्षं भांडलेला लोहारसुद्धा वृंदात उभ्याउभ्या हुंदके देत होता. मापाडींच्या मनात मात्र पाल चुकचुकली.

घरी येताच त्यांनी विचारलं, "पाववाल्याशी तुझी एवढी ओळख होती?"

"पाव घ्यायचे त्याच्याकडून."

"पावासाठी कुणी एवढा जीव ओतून गातं?"

"अहो, रेक्विअम आहे ते. गेलेल्या माणसाला विसावा मिळावा म्हणून म्हणतात. ते तसंच म्हणायचं असतं."

"मग माझ्या वेळी कसं म्हणशील?"

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

हे उत्तर नव्हतं. टाळाटाळ होती. वजन मारायला पारड्याखाली चिंच चिकटवलेले दुकानदारही "आधी चहा घ्या साहेब" असंच म्हणत. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोला आपल्याबद्दल नेमकं किती वाटतं, हे त्यांनी एकदाही तपासून पाहिलं नव्हतं. आणि जेव्हा कळणार, तेव्हा ऐकायला ते स्वतः असणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वृंदाच्या मास्तरांना गाठलं. मास्तरांनी कौतुकानं माहिती दिली. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ विसावा. कितीतरी भाषांनी तो जसाच्या तसा उचलला, कुणीही बदलला नाही.

"म्हणजे कुणीही तपासला नाही," मापाडी म्हणाले. "ते असो. माझं आत्ता म्हणून दाखवा."

"जिवंत माणसासाठी म्हणत नाहीत हो."

"वा! गिऱ्हाईक बघायला हजर नसताना माल द्यायचा. चांगला धंदा आहे."

मास्तरांनी हात जोडले. "रविवारी आमचा जाहीर कार्यक्रम आहे. हेच रेक्विअम आहे. तेव्हा या, पोटभर ऐका."

पण सांगून केलेली तपासणी ती कसली तपासणी? त्या दिवशी सगळेच खरी वजनं काढून ठेवतात. म्हणून शनिवारी दुपारी तालीम सुरू व्हायच्या आधीच मापाडी वरच्या हॉलमध्ये पोचले आणि भिंतीशी रचलेल्या घडीच्या खुर्च्यांमागे दबा धरून बसले.

आता, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गाणारे गळा राखतात. नुसतं गुणगुणून जागा पक्क्या करतात, आवाज लावत नाहीत. गाणाऱ्यांच्या घरातल्या मांजरालाही हे ठाऊक असतं. मापाडींना नव्हतं, कारण बायको गाण्याबद्दल सांगू लागली की ते वर्तमानपत्र उघडत.

त्यांनी ऐकलं ते एवढंच : वीस माणसं पुटपुटत होती. लोहार मध्येच जांभई देत होता. आणि बायकोच्या चार ओळी आल्या तेव्हा ती चष्मा पुसत नुसते ओठ हलवत होती. पाववाल्याला भरभरून आणि इथे, कुणी बघत नाही म्हटल्यावर, किलोच्या जागी पाव किलो! मापाडींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी रंगेहाथ पकडायला ते ताडकन उठले आणि खुर्च्यांचा ढीग त्यांना घेऊन खाली आला.

"कोण आहे रे?" मास्तर ओरडले.

"मापाडी आहेत," लोहार वाकून म्हणाला. "हलत नाहीत. गेले वाटतं."

मापाडी धडधाकट होते. पण 'गेले' हा शब्द कानावर पडला आणि त्यांनी उघडू पाहणारे डोळे घट्ट मिटून घेतले. अशी संधी पुन्हा यायची नव्हती. त्यांनी श्वास रोखला.

धावत येणारी पावलं त्यांनी ओळखली. एकेक खुर्ची बाजूला फेकली गेली. त्यांच्या कपाळावर एक थेंब पडला. घाम की काय, हे डोळे न उघडता सांगणं अशक्य होतं. मग त्यांच्या नाकाशी एक हात आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. शेवटी श्वास सुटलाच.

"जिवंत आहेत," बायको म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "मेलेला माणूस एवढे कान टवकारून पडत नाही."

"उठवा त्यांना," मास्तर संतापले. "तालमीचा विचका केला."

"राहू द्या. त्यांना ऐकायचंय ना, ऐकू द्या. मास्तर, पूर्ण आवाजात घेऊ या."

"बाई, उद्या कार्यक्रम आहे. तुमचा गळा आधीच बसतोय."

"मला माहीत आहे."

आणि तिनं आवाज लावला. वृंदही पाठोपाठ सुटला. मापाडी जमिनीवर उताणे पडून स्वतःचं रेक्विअम ऐकत होते. एक डोळा उघडून बायकोचा चेहरा तपासायचा, असं त्यांनी दोनदा ठरवलं. जमलं नाही. त्यांच्याच डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत जात होतं.

रविवारी बायकोचा आवाज पार बसला होता. तिच्या चार ओळी वृंदातल्याच, शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी कशाबशा उरकल्या. पाववाल्याच्या वेळी जास्त चांगलं झालं होतं, असं लोकांचं मत पडलं. मापाडी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात त्यांनी विचारलंच. "खुर्च्या उचलताना माझ्या कपाळावर थेंब पडला. तू रडत होतीस का?"

तिच्या घशातून आवाज निघेना. तिनं वाणसामानाच्या यादीच्या मागे लिहिलं, 'खुर्ची बोटावर आपटली. दुखलं म्हणून पाणी आलं.'

मापाडींनी चष्मा लावला. तिचे दोन्ही हात खिडकीपाशी उजेडात नेले आणि दहाच्या दहा बोटं पुढूनमागून तपासली. सूज नव्हती. साधा ओरखडाही नव्हता.

त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि गुळण्यांसाठी मिठाचं पाणी तापत ठेवलं. मीठ मात्र त्यांनी अंदाजानंच टाकलं, आणि फार टाकलं.