विळद घाटासाठी मोठं इंजिन

वाहनाला पुढे नेणारी शक्ती इंजिनात असते, असा एक जुना समज आहे. प्रत्यक्षात ती रस्त्यावरच्या बाकीच्या लोकांत असते. आपल्याला कोण मागे टाकतं, यावर माणसाला किती अश्वशक्ती लागते ते ठरतं. ही बाब एकदा नीट ध्यानात घेतली, की नगर तालुक्यातल्या सहादू साळवे यांनी जे केलं त्यात वावगं काही उरत नाही. (नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे. घाटाची चढण तेवढीच आहे.)

सहादूंची पिकअप सत्तावीस वर्षांची होती. चार गिअरची, आणि तिसरा टाकताना मालकाला कमरेतून वाकायला लावणारी. आठवड्यातून तीनदा ती सहादू, त्यांची बायको विमलबाई आणि घरच्या रानातली शेवंती यांना घेऊन शिर्डीला जाई. तिथं विमलबाई हारवाल्यांना फुलं देत आणि सहादू गाडी राखत. (ती कुणी नेईल असा संभव नव्हता, पण पद्धत होती.) जाताना विळद घाट उतरायचा, येताना चढायचा. म्हणजे भरलेली गाडी उताराला आणि रिकामी गाडी चढाला. भूगोलाने इतकी सोय क्वचितच कुणाची केली असेल. शिवाय शेवंती वजनाला अत्यंत समंजस.

जानेवारीतल्या एका दुपारी परतताना दुसरा गिअर पडायला उशीर झाला आणि गाडी घाटात बंद पडली. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन. तो नुसता पुढे गेला असता तर ही कथा घडली नसती. पण ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी केला, मान वळवली आणि विचारलं, "मामा, दोर टाकू का?"

सहादूंनी किल्ली फिरवली, पहिला टाकला आणि गाडी घरी आणली. चहा पुढ्यात आल्यावर म्हणाले, "इंजिन बदलायचं. मोठं टाकायचं."

"त्यानं मदतच इचारली की," विमलबाई म्हणाल्या.

"मदत न्हवती ती."

दुसऱ्या दिवशी पारावर तज्ज्ञांची बैठक झाली. उपस्थिती पाच. त्यांपैकी तिघांकडे गाडी नव्हती, चौथ्याकडे होती पण ती त्याची सून चालवत असे, आणि पाचवे गहिनीनाथ, ज्यांनी पूर्वी रोड रोलर चालवला होता. त्यामुळे वेगाच्या प्रश्नावर त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. मोठं इंजिन हवंच, असं एकमताने ठरलं. गाडीत काय भरतात, हा मुद्दा वेळेअभावी चर्चेस आला नाही.

नगरमधले अझीम मिस्त्री यांनी मात्र तो काढला. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ इंजिनं आणि त्याहून जास्त मालक उघडून पाहिले होते.

"काका, फुलंच नेता ना? आहे हेच इंजिन उतरवतो, रिंगा बदलतो. दहा वर्षं बघायला नको."

"लहान पडतंय."

"कुणाला?"

सहादूंनी मोठ्या इंजिनाची किंमत विचारली. मिस्त्रींनी निदान आधी आरटीओची परवानगी तरी काढायला लावली. अर्जात 'बदलाचे कारण' असा रकाना होता. सहादूंनी त्यात 'घाट' असं लिहिलं. परवानगी मिळाली, कारण घाट खरोखरच आहे.

मोडीत निघालेल्या एका मिनीबसचं इंजिन आणलं गेलं. ते पूर्वी बावीस माणसं ओढत असे. पिकअपमध्ये ते बसलं, फक्त बॉनेट बसेना. म्हणून बॉनेटला भोक पाडलं. मोठ्या इंजिनाला मोठा रेडिएटर लागतो, तो पुढे मावला नाही, म्हणून पंख्यासकट मागे हौद्यात गेला. डिझेलची जादा टाकीही हौद्यात गेली. सायलेन्सरचा जाड पाइप हौद्याच्या पत्र्याला घासून नेला. राहिला गिअरबॉक्स. इंजिनाबरोबर आलेला गिअरबॉक्स लांबीला हातभर जास्त निघाला आणि त्याचा दांडा केबिनमध्ये वर आला तो नेमका विमलबाईंच्या सीटमधून.

"गिअर हातानंच टाकायचा ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"हातानंच," सहादू म्हणाले. त्याबाबत तडजोड नव्हती.

सीट काढली. सत्तावीस वर्षं त्या सीटवर बसून विमलबाईंनी घाटात किती वेळा "सावकाश" म्हटलं, याची नोंद कुठेही नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी गाडी गावात आली तेव्हा पाराचे पाचही तज्ज्ञ उठून उभे राहिले. आवाज शेजारच्या वाडीपर्यंत गेला. विमलबाईंनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "मी कुठं बसायचं?"

"मागं. फुलांत."

"आन् फुलं कुठं ठिवायची?"

सहादूंनी हौद्यात पाहिलं. टाकी आणि रेडिएटर सोडून चार क्रेटची जागा होती. पहिल्या खेपेत ते चार क्रेट भरले. राहुरी येईपर्यंत तापलेल्या पत्र्यावर शेवंतीची भाजी झाली. हारवाल्याने हुंगून पाहिलं आणि अत्यंत आदराने क्रेट परत केले.

पुढच्या खेपेपासून विमलबाई एसटीने जाऊ लागल्या, दोन मोठ्या पाट्या घेऊन. कंडक्टर बाई पाट्या चढवायला हात देई. सहादू म्हणाले, आठवडाभरात काहीतरी सोय करतो. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचं लक्ष फक्त दुसरीकडे होतं.

मार्चमध्ये ते सलग चार दिवस घाटाच्या पायथ्याशी गाडी लावून बसले. पाचव्या दिवशी तोच ट्रॅक्टर आला. सहादूंनी त्याला अर्ध्या घाटापर्यंत जाऊ दिलं, आणि मग तिसरा टाकला. मिनीबसचं इंजिन बावीस माणसांच्या ताकदीने एका माणसाला घेऊन निघालं. ओव्हरटेकला लागलेला वेळ अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत सहादूंना जे वाटलं ते त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही, पण त्यांचे डोळे भरून आले होते हे खरं. ट्रॅक्टरवाला फोनवर बोलत होता. त्याने पाहिलं नाही.

माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली. रेडिएटर उकळत होता. उत्तरेकडून शिर्डीची एसटी आली आणि खिडकीतून विमलबाईंनी नवऱ्याला पाहिलं. त्यांनी कंडक्टर बाईला सांगून गाडी थांबवायला लावली.

"झालं का?" त्यांनी खिडकीतूनच विचारलं.

"झालं."

"मंग चला. भाकरी खाल्ली न्हाई तुमी."

सहादूंनी गाडीकडे पाहिलं, एसटीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "येतो गार झाल्यावर." एसटी गेली. रिकाम्या पाट्या मांडीवर घेऊन विमलबाई मागे वळून पाहत राहिल्या. गाडी गार व्हायला दोन तास लागले. तेवढा वेळ ते दगडावर बसून होते, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना घाटात "सावकाश" म्हणणारं कुणी नव्हतं.

अजूनही विमलबाई आठवड्यातून तीनदा पाट्या घेऊन एसटीच्या फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालत जातात. गुडघा दुखतो, असं त्या सांगत नाहीत. ही सर्व माहिती शांतपणे ऐकून घेतल्यावर आजवर प्रत्येक सुजाण श्रोत्याने थोडं पुढे सरकून एकच प्रश्न विचारला आहे, आणि तुम्हीही मघापासून तो धरून बसला आहात.

लिटरला नऊ. घाटात साडेसहा.